आई-वडिलांच्या मिळकतीचे कागद: नागपूरकरांसाठी मृत्युपत्राच्या आधीची आणि नंतरची कामं

घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की गाडी लगेच "कुणाला काय" यावर येते. त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: आई-वडिलांच्या नावावर नेमकं काय आहे, आणि कोणत्या कागदाने? नागपुरात याचं उत्तर घराघरात वेगळं निघतं. एकाच गल्लीत एक घर नझूलच्या म्हणजे सरकारी जमिनीच्या पट्ट्यावर, दुसरं नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) भाडेपट्ट्यावर, तिसरं आर.एल. म्हणजे नियमितीकरण झालेल्या प्लॉटवर आणि चौथं नुसत्या ताबापत्रावर उभं असू शकतं. मृत्युपत्र कितीही नेटकं लिहिलं, तरी जे वडिलांच्या मालकीचं नाही ते त्यांना देता येत नाही. म्हणून हा लेख कागदांपासून सुरू होतो.

विषय काढायचा कधी

"आमच्या मागे" हे शब्द आले की बऱ्याच घरांत बोलणं तिथेच थांबतं, "अभद्र बोलू नका" म्हणून. दिवाळीला पुणे-बंगळुरूची मुलं घरी येतात आणि नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असतो. हे दोन दिवस पकडा. दाखल्यासाठी पेन्शनचं पुस्तक, बँकेचं पासबुक, आधार बाहेर काढलेलंच असतं. "बाबा, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना?" हा प्रश्न कुणाला टोचत नाही, आणि कामाचाही आहे. कुटुंब निवृत्तिवेतन याच नोंदीवर सुरू होतं. नावात एका अक्षराचा फरक असला तरी आईला महिनोन्‌महिने चकरा माराव्या लागतात. घरात अपंग मूल असेल तर त्याचं नाव आई-वडील हयात असतानाच पीपीओत घालून घ्या.

त्याच बैठकीत एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एकच मिळकत किंवा खातं. वर नाव, खाली कागद कुठे ठेवलाय, कुणाच्या नावावर आहे, नॉमिनी कोण, कर्ज किंवा थकबाकी किती. पासवर्ड वहीत लिहू नका; फोनचा पिन आणि ईमेलचा पासवर्ड बंद पाकिटात वेगळा ठेवा. कुणाला उसने दिलेले पैसे, गहाण ठेवलेलं सोनं, कुणाच्या कर्जाला दिलेली जामीन यांनाही पान हवं. जामिनाची गोष्ट वडील सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

घर कशावर उभं आहे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढची बहुतेक भांडणं इथूनच उगवतात.

शहराच्या जुन्या भागात नगर भूमापन झालेलं आहे. तिथे आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. धारकाच्या रकान्यात अजून आजोबांचं नाव असेल तर आधी वारस नोंद, मग मृत्युपत्र. सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे, ते बघा. जागा नझूलची असेल तर ती सरकारी पट्ट्याची आहे. पट्टा कधी संपला, नूतनीकरण झालं का, भुईभाडं किती वर्षांचं थकलंय, हे पाहा. विदर्भातल्या नझूल निवासी जमिनी मालकी हक्कात करून घेण्याची योजना शासनाने आणलेली आहे. ते काम वडिलांच्या एका सहीने होत असेल, तर पुढे पाच वारसांच्या सह्या गोळा करत बसण्यापेक्षा आजच उरका.

नासुप्रचा प्लॉट म्हणजे बहुधा तीस वर्षांचा भाडेपट्टा. पट्ट्याची मुदत, भुईभाड्याच्या पावत्या आणि हस्तांतराच्या अटी वाचा. वारसाच्या नावाची नोंद महापालिकेत झाली म्हणजे प्रन्यासातही झाली, असं नाही. दोन्हीकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो.

मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, जरीपटका अशा भागांत ले-आउटचे प्लॉट आहेत. तिथे तीन कागद शोधा: नोंदणीकृत विक्रीपत्र, नियमितीकरणाचं पत्र म्हणजे आर.एल., आणि मंजूर नकाशा. कित्येक जुन्या ले-आउटमध्ये संस्थेने किंवा जमीनमालकाने फक्त ताबापत्र आणि पावत्या दिलेल्या असतात. विक्रीपत्र झालेलंच नसतं. चाळीस वर्षं घर बांधून राहिलात, टॅक्स भरलात, तरी नोंदणीकृत विक्रीपत्राची जागा ताबापत्र घेत नाही. त्यात विकणाराही आता म्हाताराच. तो गेला की सह्या त्याच्या सगळ्या वारसांच्या लागतात आणि प्रत्येक सहीला किंमत येते. म्हणून दोन्हीकडचे मूळ लोक हयात असताना विक्रीपत्र करून घ्या. हे काम मृत्युपत्राच्याही आधीचं.

फ्लॅटचे दोन प्रकार आहेत आणि नागपुरात त्यांची सर्रास गल्लत होते. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर भागप्रमाणपत्र आणि नॉमिनेशन असतं. अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली (१९७०) डिक्लेरेशन झालेली इमारत असेल तर 'डीड ऑफ अपार्टमेंट' हाच मालकीचा कागद. तिथे सोसायटीसारखं नॉमिनेशन शोधत बसू नका. मृत्युपत्र किंवा वारसाहक्क, एवढेच रस्ते आहेत.

घरटॅक्सच्या पावतीवर नाव आहे म्हणून मालकी आहे, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. टॅक्सची नोंद कर वसुलीसाठी असते.

काटोल-नरखेडची शेती

सात-बारा आणि आठ-अ काढाच, पण जुने फेरफार वाचल्याशिवाय कहाणी कळत नाही. इतर हक्काच्या रकान्यात सेवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, आत्यांची नावं सापडतात. कुठे थोरल्या काकांच्या नावापुढे एकत्र कुटुंबाचा कर्ता असा शेरा असतो आणि बाकी भावांची नावंच नसतात. भोगवटदार वर्ग-२ ची जमीन असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. बक्षीसपत्र करण्याआधी हे तपासा.

आता महत्त्वाचा प्रश्न: शेत वडिलोपार्जित की वडिलांचं स्वतःचं? "आजोबांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित" हे गावात सगळेच म्हणतात, पण ते नेहमी खरं नसतं. आजोबांनी स्वकमाईने घेतलेलं शेत, आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्राविना वारले, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ते वडिलांकडे आलं, तर तो हिस्सा वडिलांचा स्वतःचा. त्यावर त्यांच्या हयातीत मुलांचा जन्मसिद्ध हक्क नाही. पणजोबांपासून एकत्र चालत आलेली, कधीच वाटणी न झालेली जमीन असेल तर गोष्ट वेगळी.

हिशेब करून बघू. समजा वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी आणि पाच एकर खरोखरची एकत्र कुटुंबाची जमीन. वाटणी कल्पिली तर पाच हिस्से पडतात, प्रत्येकी एक एकर. वडिलांनी मृत्युपत्रात "पाचही एकर धाकट्याला" असं लिहिलं तरी ते फक्त त्यांच्या एका एकरापुरतं चालेल. मृत्युपत्र नसेल तर तो एक एकर आई आणि तीन मुलांत पाव-पाव एकर वाटला जाईल आणि चौघांच्या वाट्याला सव्वा-सव्वा एकर येईल. आजी हयात असेल तर त्या एका एकरात तीही वाटेकरी, कारण मृताची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. मृताचे वडील मात्र त्या वर्गात नाहीत.

मुलीचा हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच आहे. वडील त्या तारखेला हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्नात दिलेलं सोनं हा हिस्सा नव्हे. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. स्टॅम्पपेपरवर घेतलेली साधी सही टिकत नाही. बहीण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं लागतं, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत पुष्कळांची हुकते.

वरचे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश मिळकतच देता येते. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. आईच्या नावावरच्या मिळकतीचा क्रमही निराळा आहे: आधी मुलं आणि पती, ते नसतील तर पतीचे वारस. पती आणि मूलबाळ नसलेल्या मावशी-काकूंनी मृत्युपत्र केलं नाही, तर त्यांच्या स्वकमाईचा फ्लॅट सासरच्या दूरच्या पुतण्याकडे जातो आणि सख्खी बहीण बघत राहते. माहेरहून वारसाने आलेली मिळकत तेवढी, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

मृत्युपत्र लिहिताना

साध्या कागदावर चालतं. स्टॅम्पपेपर लागत नाही. हाताने लिहा किंवा टाइप करा, मराठीत लिहा. ज्या भाषेत वडील विचार करतात त्याच भाषेत असलेलं बरं. इंग्रजी मसुद्यावर मराठी सही असली की "त्यांना समजलं होतं का?" हा पहिला आक्षेप येतो.

मिळकतीचं वर्णन असं हवं: "मौजा मानेवाडा, खसरा क्र. …, प्लॉट क्र. …, क्षेत्रफळ १५०० चौरस फूट, त्यावरील तळमजला व पहिला मजला, मनपा घर क्र. …, चतुःसीमा …, ही मिळकत माझ्या पश्चात माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने मिळावी. ती माझ्याआधी वारल्यास ती माझा मुलगा व मुलगी यांना समान हिश्शाने मिळावी." शेवटचं वाक्य मसुद्यांतून हमखास गळतं.

दुसरी चूक याच्या उलट. "घर पत्नीला पूर्ण मालकीने, आणि तिच्या पश्चात धाकट्या मुलाला" असं लिहिलेलं असतं. पूर्ण मालकी दिली की पुढची अट लंगडी पडते. आई ते घर विकू शकते किंवा कुणालाही देऊ शकते. तसा हेतू नसेल तर "पत्नीस हयातभर राहण्याचा व भाडं घेण्याचा हक्क, मालकी मुलाची" असं स्वच्छ लिहा. आमचा कल आईला पूर्ण मालकी देण्याकडे आहे. नुसता राहण्याचा हक्क असलेल्या बाईला आजारपणात घरावर पैसा उभा करता येत नाही.

"खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला" ही नागपूरच्या स्वतंत्र घरांतली आवडती वाटणी, आणि वकिलांचीही आवडती. कारण जिना, गच्ची, बोअर, गाडी लावायची जागा, विजेचं मीटर आणि पुढे वाढीव बांधकामाचा हक्क यांबद्दल एक ओळही नसते. जमिनीतला अविभाज्य हिस्सा किती-किती ते लिहा. गच्ची सामाईक की वरच्याची ते लिहा. एकाला विकायचं झालं तर आधी भावाला विचारायचं का, आणि किंमत कोण ठरवणार, तेही लिहा. शेवटी "यात न लिहिलेली व पुढे मिळणारी सर्व मिळकत" कुणाला, हे कलम घाला. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कारण एका सौम्य ओळीत नोंदवा, म्हणजे "विसरले" असं म्हणायला जागा उरत नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमा, आणि तो जमल्यास नागपुरात राहणारा असावा.

सहीची पद्धत भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. किमान दोन साक्षीदार, दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा त्याने "ही सही माझी" असं त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्याच्यासमोर दोघांनी सही करायची. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नाही. साक्षीदार ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी किंवा त्यांचे नवरा-बायको नसावेत. बरोबरीचे मित्र घेऊ नका. पुढे किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं, आणि ऐंशीच्या माणसाच्या मृत्युपत्राला ऐंशीचे साक्षीदार असले की तेव्हा कुणी शिल्लक राहत नाही. चाळीस-पंचेचाळीसचे शेजारी, बँकेतले परिचित चालतील. प्रत्येक पानावर सही हवी. अंगठा असेल तर "वाचून दाखवलं, समजलं" ही नोंद हवी.

वय जास्त असेल, पक्षाघात झालेला असेल किंवा विसराळूपणा सुरू झाला असेल, तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. शक्यतो नेहमीच्या डॉक्टरांचं. ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्यानेच वकील गाठला, मसुदा केला, गाडीतून नेलं, असं दिसलं की न्यायालयाला संशय येतो. त्या मुलाने त्या दिवशी खोलीबाहेर थांबावं.

नोंदणी

सक्तीची नाही, पण करा. कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात होते. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी १०० रुपये, वर पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. मृत्युपत्र करणारा आणि दोन्ही साक्षीदार ओळखपत्रांसह हजर हवेत. फोटो आणि अंगठे घेतले जातात, मूळ कागद परत मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अर्ज केल्यास अधिकारी घरी येतात. मुलांना आधीच कळेल ही भीती नको. हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल करणाऱ्यालाच मिळते. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही, हा गैरसमज. साक्षीदार तरीही लागतोच.

मन बदललं तर नवं करा आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, असा पेच होतो. नागपूरच्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नाही. वाद झाला तर मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी आहेच.

हयातीतच देऊन टाकावं का

बक्षीसपत्राचा मोह मुद्रांकामुळे होतो. राहतं घर किंवा शेती पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. शहरात बाजारमूल्यावर स्थानिक अधिभार वेगळा लागतो, म्हणून आकडा आधी काढून घ्या. भाऊ-बहीण, पुतण्या यांना ही सवलत नाही.

पण बक्षीसपत्र झालं की मिळकत त्याच दिवशी हातातून जाते. राहतं घर असं देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. द्यायचंच असेल तर दोन ओळी घाला: देणाऱ्या दोघांना हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क, आणि घेणाऱ्याने त्यांचं अन्न, निवास, औषधोपचार सांभाळण्याची अट. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या (२००७) कलम २३ प्रमाणे ही अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेलीच नसेल, तर ती होती हे सिद्ध करण्यात म्हातारपण जातं.

नॉमिनी आणि खाती

बँक ठेव, म्युच्युअल फंड, शेअर, सोसायटी या सगळ्यांत नॉमिनी पैसे किंवा भाग ताब्यात घेतो, पण मालक वारस किंवा मृत्युपत्रातला माणूस असतो. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात मात्र आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच माणूस ठेवणं सगळ्यात सोपं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. लॉकरला ते एकापाठोपाठ एक असे असतात. जुन्या ठेवींच्या पावत्यांवर वारलेल्या आजीचं नाव नॉमिनी म्हणून अजून असतं, ते बदला. विसरलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतात.

शुद्ध हरपली तर

मुखत्यारपत्र दिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते मृत्यूबरोबर संपतं आणि देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली तरी कायद्याने संपतं. माणूस कोमात गेला किंवा स्मृतिभ्रंश वाढला तर त्याच्या मिळकतीचा पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात, म्हणजे इथे नागपूर खंडपीठात, जावं लागतं. त्याआधीचा साधा उपाय: घरखर्च आणि दवाखान्याचं खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचं करणं, आणि तीन-चार महिने पुरेल एवढी रक्कम त्यात असणं.

व्हेंटिलेटर, नळ्या किती काळ, याबद्दल वडिलांचं काही म्हणणं असेल तर ते आगाऊ वैद्यकीय निर्देशात लिहा. २०२३ पासून पद्धत सोपी झाली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांची सही. निर्णय कोणी घ्यायचा त्या नातेवाइकांची नावं त्यात असावीत. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या.

गेल्यानंतरचा क्रम

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. प्रमाणपत्राच्या निदान दहा प्रती घ्या आणि त्यावरचं नाव आधारशी अक्षरशः जुळतंय का ते खिडकीवरच बघा. मग पेन्शन कार्यालय आणि बँक. एटीएमने पैसे काढत राहू नका. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते आणि बाकी वारस त्याचा हिशेब मागतात. नॉमिनी असेल तर कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. नॉमिनी नसेल तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, वाद नसल्यास उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय काम होण्याची सोय रिझर्व्ह बँकेने केली आहे.

शेतीची वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर द्या. मृत्युपत्रावरून फेरफार मागितला तरी सर्व वारसांना नोटीस जाते आणि हरकत आली तर प्रकरण वर जातं. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण तो नसला की पीककर्ज, अनुदान, नुकसानभरपाई सगळं अडतं. नगर भूमापन, नासुप्र, महापालिका, वीज, पाणी हे त्यानंतर.

वारसाने मिळालेल्या मिळकतीवर कर नाही. मृताचं त्या वर्षाचं विवरणपत्र मात्र वारसाला भरावं लागतं. पुढे घर विकायचं झालं तर भांडवली नफा वडिलांच्या खरेदी किमतीवरून मोजतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचं मूल्य धरता येतं. म्हणून कपाट आवरताना १९८० चं पिवळं पडलेलं विक्रीपत्र आणि वरच्या मजल्याच्या सिमेंट-सळईच्या पावत्या रद्दीत जाऊ देऊ नका.